नवा सेट बसवला आणि स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली? आधी तीन वायरी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. २०१४ ची इनोव्हा, वरचं मॉडेल. स्टिअरिंगवर आवाज कमी-जास्त करायची, गाणं बदलायची आणि फोनची बटणं कंपनीतूनच आलेली. जुना म्युझिक सेट काढून तुम्ही दहा इंची अँड्रॉइड सेट बसवलात. स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, ब्लूटूथ सगळं व्यवस्थित चालतं, बटणं तेवढी चालत नाहीत. बसवणाऱ्याने सांगितलं, "या गाडीत स्टिअरिंगची वायरच येत नाही." दुसऱ्या दुकानात म्हणाले, "कॅनबस बॉक्स लागेल, त्याशिवाय जमणार नाही." यातलं खरं कोणाचं, हा तुमचा प्रश्न.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला तरी दोघांचंही पटत नाही. वायर नसती तर कंपनीच्या सेटवर हीच बटणं इतकी वर्षं चालली कशी? आणि या पिढीच्या टोयोटात ऑडिओची बटणं कॅनवर (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणारी डिजिटल लाइन, तिच्याबद्दल खाली सांगतो) बोलत नाहीत, त्यामुळे बॉक्स घेऊनही तो ऐकणार काय? माझं काम गाड्यांच्या ऑडिओ वायरिंगचं आहे आणि अशा गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांत सेट चांगला असतो, बटणंही चांगली असतात, मधल्या तीन वायरी डॅशबोर्डच्या मागे नुसत्या लोंबत असतात. पण गाडी समोर नसताना मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते तुम्हीच मीटर (मल्टिमीटर) लावून ठरवा. कसं, ते खाली लिहितो. तोवर एक रुपयाही खर्च करू नका.

आधी बटण काम कसं करतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. चार बटणं मिळून एकच वायर असते आणि प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या ओहमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा भाग) असतो. बटण दाबलं की ती वायर त्या रेझिस्टरमधून ग्राउंडला (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे) जोडली जाते. सेट या वायरीवर आतून स्वतःचा थोडा व्होल्टेज देत असतो आणि तो किती खाली आला ते बघून कुठलं बटण दाबलं ते ओळखतो. टोयोटात या वायरींची नावं एसडब्ल्यू-१, एसडब्ल्यू-२ आणि त्या दोघींची सामाईक ग्राउंड एसडब्ल्यूजी. पहिलीवर गाणं पुढे, गाणं मागे, आवाज जास्त, आवाज कमी. दुसरीवर मोड आणि फोनची बटणं.

टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत दिसणारे आकडे देतो, मीटर लावाल तेव्हा कामाला येतील. एसडब्ल्यू-१ आणि एसडब्ल्यूजी यांच्यात, काहीही न दाबता, साधारण १०० किलोओहम. गाणं पुढे दाबलं की जवळजवळ शून्य. गाणं मागे, सुमारे ३३० ओहम. आवाज जास्त, सुमारे १००० ओहम. आवाज कमी, सुमारे ३१०० ओहम. दहा-वीस ओहम इकडेतिकडे झाले तर काळजी नको.

आता वायरी गेल्या कुठे? तुमच्या जुन्या सेटच्या मागे टोयोटाचे नेहमीचे दोन कपलर (वायरींचे प्लग) असणार, एक दहा पिनांचा आणि एक सहा पिनांचा. त्यांत करंट, ग्राउंड, लाइट आणि स्पीकर येतात. बाजारात "टोयोटा कपलर" म्हणून जो जोड मिळतो तो या दोघांचाच असतो. बसवणारा तो खटकन लावतो, गाणं वाजतं, काम झालं. स्टिअरिंगच्या वायरी मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याच कपलरमध्ये असतात. तो वीस पिनांचा, जरा चपटा, आणि निम्म्याहून जास्त पिना रिकाम्या. त्याला लावायचं काही सोबत आलेलं नसतं, म्हणून तो मागे ढकलला जातो आणि "वायरच येत नाही" हे उत्तर मिळतं. सेट बाहेर ओढलात की तो कपलर आत कुठेतरी टेप मारून बांधलेला किंवा एसीच्या डक्टमागे पडलेला सापडेल.

कपलर सापडला की मीटर घ्या. तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मीटरही चालतो. पण टेस्ट लॅम्प इथे अजिबात नको. आपल्याकडे कुठलीही वायर तपासायची म्हणजे आधी बारा व्होल्टचा दिवा लावून बघायची सवय आहे. लाइट-हॉर्नला ते ठीक. या वायरीला बारा व्होल्ट दाखवलेत आणि त्याच वेळी कोणी गाणं पुढेचं बटण दाबलं, तर मध्ये रेझिस्टर जवळजवळ नसल्याने सगळा करंट बटणाच्या नाजूक कॉन्टॅक्टमधून जाईल. मग खरोखरच नवं बटण-पॅड घ्यावं लागेल.

पहिल्यांदा चावी ऑन ठेवून मीटर डीसी व्होल्टवर लावा. काळी पिन गाडीच्या बॉडीला, लाल पिन या कपलरच्या एकेका वायरीला. ज्या वायरीवर व्होल्टेज दिसेल ती आपली नाही, तिच्यावर खूण करून सोडून द्या. मग चावी बंद करा, हा कपलर कशालाच जोडलेला नाही याची खात्री करा आणि मीटर ओहमच्या २०० के रेंजवर आणा. राहिलेल्या वायरींत दोन-दोनच्या जोड्या तपासत जा. १०० किलोओहमच्या आसपास आकडा आला की थांबा आणि स्टिअरिंगजवळ बसलेल्याला बटणं दाबायला सांगा. आकडा कोसळला तर जोडी सापडली. अशा दोन जोड्या मिळतील आणि दोन्हींत एक वायर सामाईक असेल. ती एसडब्ल्यूजी. ताळा करायचा असेल तर उरलेल्या दोघींत मोजा, २०० किलोओहमच्या जवळ आलं पाहिजे. मीटरवर नुसता १ आला तर रेंज एक घर वर न्या. मोजताना दोन्ही पिनांची धातूची टोकं बोटांनी दाबून धरू नका, एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सला आपलं अंगसुद्धा मध्ये येतं आणि आकडा चुकतो.

कुठल्याच जोडीवर काही मिळालं नाही तर हॉर्न वाजतो का बघा आणि मीटरकन्सोलवर एअरबॅगचा दिवा जळतोय का बघा. स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली चपटी पट्टी असते. चाक फिरतं तरी वायरी तुटत नाहीत त्या हिच्यामुळे. हॉर्न, एअरबॅग आणि ऑडिओ बटणं तिघांच्याही वायरी हिच्यातूनच जातात. हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू आणि बटणंही बंद असं एकत्र असेल तर संशय क्लॉक स्प्रिंगवर. त्या वेळी स्टिअरिंग स्वतः उघडू नका आणि ऑडिओवाल्यालाही उघडू देऊ नका. पिवळा कपलर किंवा पिवळी नळी दिसली की तिथे मीटरची पिन लावायचीच नाही, ती एअरबॅगची लाइन आहे. टोयोटाच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये बॅटरीचा निगेटिव्ह काढल्यावर किमान ९० सेकंद थांबल्याशिवाय त्या भागाला हात लावायचा नाही असं स्पष्ट दिलेलं आहे. हे काम सर्व्हिस सेंटरचं किंवा त्यातल्या जाणकाराचं. तुमच्या गाडीत तसं नसावं, कारण बटणं सेट बदलायच्या आदल्या दिवसापर्यंत चालत होती असं तुम्हीच लिहिलंय.

वायरी सापडल्या, आता जोडणी. तुमच्या अँड्रॉइड सेटच्या मागे "की-१" आणि "की-२" अशा चिठ्ठ्या लावलेल्या दोन वायरी असतील. काही सेटवर त्यांना "एसडब्ल्यूसी" (स्टिअरिंग व्हील कंट्रोल) म्हणतात. रंगावर जाऊ नका. करंटची पिवळी, चावीची लाल, ग्राउंडची काळी एवढं सगळीकडे सारखं असतं, पण की-वायरीचा रंग प्रत्येक कारखाना आपल्या मनाने ठरवतो. चिठ्ठी असेल तीच खरी. एसडब्ल्यू-१ ला की-१, एसडब्ल्यू-२ ला की-२.

आणि एसडब्ल्यूजी? सगळ्यात जास्त गाड्या इथे अडकतात. लोक दोन की-वायरी जोडतात, सेटिंगमध्ये जातात, बटण दाबतात, काहीच होत नाही, आणि मग सेटलाच दोष देतात. कारण असं की एसडब्ल्यूजी ही वायर स्वतः गाडीच्या बॉडीला जोडलेली नसते. तिला ग्राउंड देण्याचं काम जुना सेट आतून करत होता. सेट काढला, ग्राउंडही गेली. आता बटण दाबून वायरी एकमेकींना जोडल्या तरी परतीचा रस्ताच नाही, मग व्होल्टेज खाली येणार कसा? म्हणून एसडब्ल्यूजी नव्या सेटच्या काळ्या ग्राउंड वायरीला जोडायची. सेटच्या की-वायरींसोबत वेगळी "की-ग्राउंड" दिलेली असेल तर तिलाच.

इथे आळस करून एसडब्ल्यूजी जवळच्या कुठल्या तरी स्क्रूला कसू नका. बॉडीवरून एसीचा ब्लोअर, हेडलाइट, अॅम्प्लिफायर सगळ्यांचा करंट परत येत असतो, त्यामुळे दोन वेगळ्या जागच्या ग्राउंडमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक पडतो. स्पीकरला त्याचं काही वाटत नाही, पण आपण मोजतोय तोच मुळात एक-दोन व्होल्टचा खेळ. मग दिवसा नीट चालणारी बटणं रात्री हेडलाइट लावल्यावर चुकायला लागतात आणि गिऱ्हाईक म्हणतं सेट खराब आहे.

जोड सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती वायर पिळून काळी टेप मारली तर उन्हाळ्यात, बंद उभ्या गाडीत, टेपचा गोंद ओघळतो, तांब्यावर काळपटपणा चढतो आणि जोडाचा स्वतःचा रेझिस्टन्स वाढतो. मूळ कपलर मात्र कापू नका. त्या मापाचा जुळणारा कपलर दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. नाहीच मिळाला तर वायरीची साल थोडी सोलून तिथे टी-जोड करा, म्हणजे उद्या गाडी विकताना जुना सेट परत बसवता येईल. गाडी वॉरंटीत असलेल्यांनी तर वायर कापायचा विचारसुद्धा करू नये.

इथपर्यंत नीट झालं की पुढचं काम स्क्रीनवरचं. सेटच्या सेटिंगमध्ये "स्टिअरिंग" किंवा "एसडब्ल्यूसी" असं पान असतं. पद्धत सेटप्रमाणे थोडी बदलते. कुठे आधी स्क्रीनवरचं चित्र दाबायचं आणि मग बटण, कुठे बटण दाबून धरून चित्र निवडायचं. माझी शिकवायची पद्धत अशी: आधी "रिसेट" करून जुनं सगळं पुसतो, मग सुरुवात दाबून एकेक बटण शिकवतो, आणि शेवटी सेव्ह. सेव्ह न करता मागे गेलात तर सगळं पाण्यात. बऱ्याच सेटांत एकाच बटणाला छोटा दाब आणि लांब दाब अशी दोन कामं देता येतात. फोनची बटणं कमी असतील तर मी मोडच्या लांब दाबाला गूगल असिस्टंट देतो, गाडी चालवताना ते बरं पडतं. शिकवून झाल्यावर इंजिन चालू करा, एसी आणि हेडलाइट लावा, चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि प्रत्येक बटण पुन्हा दाबून बघा. नुसत्या चावीवर चाललं म्हणून गिऱ्हाईकाला गाडी देऊन टाकायची नाही.

आवाज जास्त दाबल्यावर गाणं बदलतंय, किंवा स्क्रीन म्हणतेय "हे बटण आधीच वापरलेलं आहे", असं झालं तर त्यामागे थोडं गणित आहे. सेटच्या आत व्होल्टेज देणारा एक रेझिस्टर असतो, त्याला पुल-अप म्हणतात. समजा तो १००० ओहमचा आहे आणि सेट ५ व्होल्ट देतो. मग गाणं पुढे म्हणजे ० व्होल्ट, गाणं मागे म्हणजे १.२४, आवाज जास्त २.५, आवाज कमी सुमारे ३.८ आणि काहीच न दाबता ५ च्या जवळ. चौघं एकमेकांपासून लांब, सेटला ओळखायला सोपं. पण तोच पुल-अप १० हजार ओहमचा असेल तर पहिली तीन बटणं ०, ०.१६ आणि ०.४५ व्होल्टवर येतात, म्हणजे गर्दीच. स्वस्तातला सेट मग यातली दोन बटणं एकच समजतो. काही सेटांत फॅक्टरी सेटिंगच्या पानावर हा पुल-अप किंवा बटणाची संवेदनशीलता बदलता येते. ते पान पासवर्डमागे असतं आणि पासवर्ड विक्रेता देतो. तिथे दुसरं काही छेडू नका, स्क्रीनचा किंवा रेडिओचा प्रकार बदलला गेला तर सेट अंधारात जाईल.

बटणं बरोबर शिकली पण महिनाभराने बिघडली, तर पुन्हा मीटर घेऊन आकडे बघा. ३३० च्या जागी ४५०-५०० येत असेल आणि दाबताना आकडा नाचत असेल तर बटणाच्या आतला रबरी-कार्बनचा कॉन्टॅक्ट घाण झालाय किंवा तुमचा जोड सैल झालाय. आधी जोड तपासा, तेच जास्त वेळा निघतं. आणि बरेच सेट फॅक्टरी रिसेट केल्यावर शिकलेलं विसरतात. अपडेटनंतर बटणं गेली तर पॅनेल उघडायच्या आधी एकदा पुन्हा शिकवून बघा.

तुमच्या सेटला एकच की-वायर असेल तर? लोक दोन्ही वायरी तिच्यावर एकत्र जोडतात. टोयोटात ते चालत नाही, कारण एसडब्ल्यू-१ आणि एसडब्ल्यू-२ वर आकड्यांचा तोच संच वापरलाय. गाणं पुढे आणि दुसऱ्या लाइनवरचं शून्याचं बटण सेटला एकच दिसणार. फक्त एसडब्ल्यू-१ जोडा आणि फोन स्क्रीनवरून उचला. रोज लागतो तो आवाज, आणि तो पहिल्या लाइनवर आहेच.

आता त्या कॅनबसवाल्याबद्दल. तो अगदीच खोटं बोलत नव्हता, त्याने औषध दुसऱ्याच्या आजाराचं दिलं. कॅन ही बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेली पद्धत. तिच्यात दोन पिळलेल्या वायरींवरून गाडीतले कंट्रोलर एकमेकांना डिजिटल संदेश पाठवतात. फोक्सवॅगनची पोलो, व्हेंटो, स्कोडाची रॅपिड अशा गाड्यांत स्टिअरिंगची बटणं शेवटी या कॅनवरूनच सेटपर्यंत येतात. तिथे की-वायर कुठे लावायची हा प्रश्नच नाही, कारण लावायला रेझिस्टरची वायर नाही. तिथे त्या गाडीचाच कॅन डिकोडर बॉक्स लागतो आणि सेटच्या सेटिंगमध्ये तो प्रकार निवडावा लागतो. या गाड्यांत चावी ऑन झाल्याचा इशाराही कॅनवरूनच येतो, कपलरमध्ये वेगळी लाल वायर नसते. त्यामुळे बॉक्स नसेल तर बटणं तर जातातच, पण सेट चावीबरोबर बंदही होत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. इतर गाडीवाल्यांनी ओळखायचं असेल तर बॅटरी काढून त्या पिळलेल्या जोडीत मोजा. सुमारे ६० ओहम आले, आणि कुठलंही बटण दाबून तो आकडा हलला नाही, तर ती कॅन. तिच्यावर की-वायर लावायचा प्रयोग करू नका, डॅशबोर्डवर नाही नाही ते दिवे पेटतील.

पायोनियर, सोनी, केनवूड असा ब्रँडेड सेट असेल तर गोष्ट तिसरीच. त्यांतल्या बऱ्याच सेटांना मागे ३.५ मिलिमीटरचा वायर्ड रिमोटचा जॅक असतो, केनवूड-जेव्हीसीला त्याऐवजी निळी-पिवळी वायर असते. अनेक मॉडेल्सना आपापल्या भाषेतलाच सिग्नल लागतो, गाडीचा रेझिस्टर ते थेट शिकत नाहीत. मग मध्ये अॅडॅप्टर घ्यावा लागतो, तो गाडीचं ऐकून सेटला त्याच्या पद्धतीने सांगतो. काही नवे सेट थेट शिकतात, तेव्हा मॅन्युअलमध्ये "कस्टम स्टिअरिंग" असं काही आहे का बघून मगच अॅडॅप्टरचे पैसे घाला.

स्टिअरिंगवर पट्ट्याने बांधायचे बॅटरीवरचे वायरलेस रिमोटही मिळतात. ज्यांच्या गाडीत मुळात बटणंच नाहीत त्यांच्यासाठी ते ठीक. तुमच्या चाकावर चांगली बटणं असताना ते बांधणं मला तरी पटत नाही. चाक वळवताना हाताला आडवे येतात.

तेव्हा या रविवारी सेट बाहेर ओढा, तिसरा कपलर शोधा आणि मोजा. काहीही न दाबता किती, प्रत्येक बटणाला किती, आणि सेटच्या मागच्या की-वायरींवरच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय, एवढं इथे लिहा. सेटमध्ये फॅक्टरी सेटिंगचं पान दिसत असेल तर त्याचा फोटोही टाका. आकडे बरोबर आले तर तीन वायरी सोल्डर करून बटणं शिकवण्यापुरतंच काम उरलंय. नाही आले तर त्या आकड्यांवरून बटण-पॅड गेलंय की क्लॉक स्प्रिंग ते सांगतो.